उन्हाळी शिबिराची निवड आणि नोंदणी : बारामती एमआयडीसीच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

राज्य मंडळाच्या शाळांची वार्षिक परीक्षा एप्रिलअखेर संपते आणि नवे वर्ष जूनच्या मध्यावर सुरू होते. मधले साधारण सहा आठवडे मुले घरी असतात. सीबीएसईच्या शाळांत नवे सत्र एप्रिलमध्येच सुरू होते आणि सुटी मेमध्ये लागते. त्यामुळे एकाच सोसायटीतल्या दोन मुलांच्या सुट्या पुरत्या जुळत नाहीत. आईवडिलांच्या कामाला मात्र यातली कोणतीच सुटी लागू होत नाही.

बारामती एमआयडीसीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. पियाजिओची तीनचाकी वाहने, भारत फोर्जचे सुटे भाग, फेरेरोची चॉकलेटे, दुग्धप्रक्रिया, टेक्स्टाइल पार्कमधली शिलाई असे इथले उद्योग आहेत आणि त्यांतले बरेचसे काम पाळ्यांमध्ये चालते. पाळी बदलली की घराचे वेळापत्रक बदलते. भिगवण रोड, रुई, जळोची, तांदुळवाडी या भागांत राहणारी अनेक कुटुंबे नोकरीसाठी बाहेरून आलेली आहेत. त्यांचे आजोळ मराठवाड्यात, विदर्भात किंवा परराज्यात असते, आणि शेजारी आजी-आजोबा नसतात. मूल मामाच्या गावाला आठ-पंधरा दिवस जाऊन येते. उरलेल्या महिन्याचे काय करायचे, याचे उत्तर म्हणून शिबिराकडे पाहिले जाते.

मार्चमध्ये पत्रके वाटली जातात, चौकांत फलक लागतात, व्हॉट्सॲपवर जाहिराती फिरतात. नृत्य, स्केटिंग, रोबोटिक्स, बुद्धिबळ, वैदिक गणित, व्यक्तिमत्त्व विकास असे विषय मोठ्या अक्षरांत असतात. पालक विषय पाहतात, मग फी विचारतात, मग अंतर मोजतात. मुलांना कोण सांभाळणार हा प्रश्न शेवटी येतो, आणि पुष्कळदा येतही नाही. हा क्रम उलटा आहे, आणि तो सुलटा करण्याची रीत सांगणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

२. शिबिर नेमके कोणते काम करते?

कोणतेही मुलांचे शिबिर तीन कामे करते. पहिले सांभाळ : ठरलेल्या वेळात मूल सुरक्षित हाती असणे. दुसरे शिकवण : एखादे कौशल्य किंवा ज्ञान मिळणे. तिसरे सहवास : शाळेबाहेरची मुले भेटणे, खेळणे, भांडणे आणि पुन्हा एकत्र येणे. प्रत्येक शिबिरात तिन्हींचे प्रमाण वेगळे असते. जाहिरात प्रामुख्याने शिकवणीची होते, पालकाची निकड बहुधा सांभाळाची असते आणि मुलाला ओढ सहवासाची असते. हे तीन हेतू वेगळे केले नाहीत तर निवड चुकते.

सांभाळाची निकड कुठून आली, हे कायद्याच्या रचनेवरून समजते. १९४८ च्या कारखाने कायद्यात, पुढच्या दुरुस्तीनंतर, ३० हून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची सोय बंधनकारक होती. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. सहा वर्षांपुढच्या मुलाची जबाबदारी शाळेने उचलली असे गृहीत धरले गेले. पण शाळा बंद असताना सहा ते बारा वयाच्या मुलाची सोय कोणत्याच व्यवस्थेत बसत नाही. शिबिर ही पोकळी भरते. म्हणून नोकरदार जोडप्याने ‘मला सांभाळ हवा आहे’ हे स्वतःशी मोकळेपणाने मान्य करावे. त्यात कमीपणा काही नाही. सांभाळ हवा असताना दीड तासाच्या रोबोटिक्स वर्गाला नाव घातले, तर फी जाते आणि अडचण तशीच राहते.

याउलट ज्या घरी आजी आहे, आई घरून काम करते किंवा मोठे भावंड आहे, तिथे सांभाळाचा प्रश्न नसतो. त्या घराने दिवसभराच्या शिबिराचे पैसे देण्यात अर्थ नाही. तिथे सकाळचे दोन तास पुरतात आणि उरलेला दिवस मुलाचा स्वतःचा राहू शकतो. रिकामा वेळ हीसुद्धा मुलाची गरज आहे. काही कुटुंबांसाठी शिबिर न घेणे हाच योग्य निर्णय असतो, आणि तोही विचारपूर्वक घेता येतो.

३. प्रकार आणि परंपरा

महाराष्ट्रात मुलांच्या आणि तरुणांच्या शिबिरांची परंपरा जुनी आहे. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने शाखा आणि शिबिरे यांतून समतेचे व राष्ट्रीयतेचे संस्कार देण्याचा मार्ग धरला. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी १९६२ ची. बाबा आमटे यांनी १९६७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली आणि मे महिन्याच्या उन्हात तरुणांनी हाताने काम करण्याला शिक्षणाचा दर्जा दिला. १९८५ पासून पुण्यात गरवारे बालभवनाने शोभा भागवत यांच्या पुढाकाराने खेळ आणि मुक्त अभिव्यक्ती हे मुलाच्या वाढीचे साधन मानले. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने १९९३ पासून आठवी-नववीच्या शाळकरी मुलांना उन्हाळ्यात शास्त्रज्ञांसोबत काम करण्याची संधी दिली.

या उदाहरणांचे विषय अगदी वेगळे आहेत : श्रम, खेळ, खगोल. तरी एक गोष्ट समान आहे. प्रत्येक ठिकाणी मुलांसोबत कोण असेल हे आधी ठरले होते आणि त्या माणसांच्या आवडीतून कार्यक्रम उभा राहिला. विषय माणसांमागून आला. आजच्या बाजारात विषय आधी ठरतो आणि तो घ्यायला माणूस नंतर शोधला जातो. निवडीचा क्रम बदलण्याचे पहिले कारण हे आहे.

बारामती परिसरात आज मिळणाऱ्या शिबिरांचे पाच प्रकार करता येतात. एक, दीड-दोन तासांचे छंदवर्ग : चित्रकला, नृत्य, गायन, हस्ताक्षर. दोन, मैदानी शिबिरे : क्रिकेट, कबड्डी, ॲथलेटिक्स, पोहणे. तीन, विज्ञान आणि तंत्रज्ञानाची शिबिरे. शारदानगरला ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचे विज्ञान केंद्र २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून या विषयाची गोडी परिसरात वाढण्यास आधार मिळाला आहे. चार, निसर्ग आणि शेतीची शिबिरे, ज्यांना इथली जमीन विशेष अनुकूल आहे. पाच, निवासी शिबिरे, ज्यांत मूल रात्री घराबाहेर राहते. पहिल्या चार प्रकारांत चूक झाली तर ती संध्याकाळी घरी कळते. पाचव्या प्रकारात कळायला उशीर होतो, म्हणून त्याची परीक्षा सर्वांत कडक हवी.

४. अटी आणि गुण

निवडीच्या कसोट्या दोन जातींच्या असतात. काही कसोट्यांचे उत्तर फक्त हो किंवा नाही असे येते, आणि ‘नाही’ आले की पुढचा विचार थांबतो. त्यांना अटी म्हणू. काही कसोट्या कमी-अधिक असतात. एकीकडे थोडे कमी पडले तर दुसरीकडच्या अधिकाने भरून निघते. त्यांना गुण म्हणू. फी थोडी जास्त पण शिक्षक उत्तम, अंतर जास्त पण सोबत चांगली, असा हिशेब गुणांमध्ये करता येतो. अटींमध्ये तो करता येत नाही. जलतरण तलावावर जीवरक्षक नाही ही उणीव स्वस्त फीने भरून निघत नाही. मुलांना घेऊन जाणाऱ्या गाडीत दाटीवाटी आहे ही उणीव उत्तम नृत्यशिक्षकाने भरून निघत नाही.

पालकांची सर्वांत मोठी चूक म्हणजे अटीला गुण समजणे. ‘बाकी सगळे चांगले आहे, फक्त बसमध्ये कोणी ताई नसते’ या वाक्यात ती उघड दिसते. ‘फक्त’ म्हणून बाजूला ठेवलेली गोष्ट खरे तर सगळ्यात आधी तपासायची होती.

या भेदाचा व्यावहारिक फायदाही आहे. अटी आधी लावल्या की दहा-बारा शिबिरांची यादी दोन-तीनवर येते. मग गुणांची तुलना सोपी होते आणि जाहिरातीच्या मोहाला जागा उरत नाही.

अटींचा आग्रह पालकानेच धरायला हवा, कारण तो दुसरे कोणी धरत नाही. शाळेला मान्यता लागते, शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गात ३० मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरवून दिले आहे, शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती स्थापन करण्याचा शासन निर्णय मार्च २०२२ मध्ये निघाला, आणि बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरील अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शाळांसाठी सीसीटीव्ही व कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीबाबत पुन्हा आदेश आले. भाड्याच्या हॉलमध्ये तीन आठवडे चालणाऱ्या शिबिराला शाळेसारखी मान्यता लागत नाही. तिथे निरीक्षकाचे काम पालकाला करावे लागते, आणि नोंदणीचा कागद हेच त्याच्या हातातले साधन असते.

५. चार अटी

पहिली अट : माणसे. शिबिरात प्रत्यक्ष हजर असणाऱ्या प्रौढांची नावे, संख्या आणि अनुभव आयोजकाने सांगितला पाहिजे. पत्रकावर ज्याचा फोटो आहे तो माणूस रोज येणार आहे का, हे स्पष्ट विचारावे. संख्येसाठी अमेरिकन कॅम्प असोसिएशनचे माप उपयोगी पडते. दिवसाच्या शिबिरात सहा ते आठ वर्षांच्या आठ मुलांमागे एक प्रौढ आणि नऊ ते चौदा वर्षांच्या दहा मुलांमागे एक. निवासी शिबिरात हेच प्रमाण अनुक्रमे सहा आणि आठ मुलांवर येते. आपल्याकडे चाळीस मुलांमागे एक सर आणि एक कॉलेजचा विद्यार्थी असे चित्र सहज दिसते. माप शब्दशः पाळले जाईल अशी अपेक्षा लगेच करता येणार नाही, पण १५ च्या पुढे गेलेले प्रमाण लहान मुलांसाठी नाकारावे. एक प्रौढ पंधरा मुलांकडे एकाच वेळी पाहू शकत नाही, आणि एक मूल पडले की उरलेल्या चौदांकडे कोणाचेच लक्ष राहत नाही.

याच अटीत लैंगिक सुरक्षितता येते. एका प्रौढाने एका मुलाला बंद खोलीत एकटे भेटू नये, स्वच्छतागृहाकडे जाताना लहान मुलांसोबत कोण असेल ते ठरलेले असावे, मुली असतील तिथे स्त्री कार्यकर्ती पूर्ण वेळ असावी, आणि कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झालेली असावी. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या प्रत्येक व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. आयोजकाला हे माहीत आहे का, हा प्रश्न विचारताना संकोच करू नये. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक मुलालाही पाठ असावा.

दुसरी अट : जागा आणि हवामान. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेतला भाग आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक चढले की हवामान खाते उष्णतेची लाट मानते. मैदानी शिबिराची वेळ त्यामुळे सकाळी साडेसहा ते नऊ, किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर असली पाहिजे. अकरा वाजता क्रिकेटचा सराव ठेवणारे शिबिर पहिल्याच फेरीत बाद करावे. सावली, पिण्याचे थंड पाणी, ओआरएसची पाकिटे, प्रथमोपचार पेटी आणि जवळच्या दवाखान्याचा क्रमांक या गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात. दुपारी वीज गेली तर हॉलमध्ये पंखा चालतो का, हेही पाहावे.

मेमध्ये दुपारनंतर वळवाचा पाऊस येतो, सोबत वावटळ आणि वीज येते. संध्याकाळच्या मैदानी शिबिराला जवळ पक्का निवारा असलाच पाहिजे, कारण मुले पळून झाडाखाली जातात आणि वीज पडण्याचा धोका तिथेच जास्त असतो. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ ॲप तयार केले आहे. प्रशिक्षकाच्या फोनमध्ये ते असावे.

तिसरी अट : पाणी आणि प्रवास. या दोन तालुक्यांत मुलांना पोहण्याची ओढ असणे साहजिक आहे. नीरा डावा कालवा, शेतातल्या विहिरी आणि उजनीचे पाणी जवळ आहे. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या पालकांना भीती वाटत नाही. पण शिबिरात वीस मुले एकदम पाण्यात असतात, आणि विहिरीवर एका मुलामागे एक काका उभा असे, तशी स्थिती तिथे नसते. कालव्याला आवर्तन सुटले की प्रवाह बदलतो. म्हणून पोहण्याचे शिबिर कालव्यावर किंवा विहिरीवर नको. ते तलावातच असावे, खोली लिहिलेली असावी आणि शिकवणाऱ्याव्यतिरिक्त एक जीवरक्षक काठावर मोकळा असावा.

बोटीबद्दल जास्त गंभीर राहावे लागते. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी इंदापूर तालुक्यातले कळाशी आणि करमाळा तालुक्यातले कुगाव यांच्यामध्ये उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. तो मे महिना होता आणि वेळ संध्याकाळची होती. भिगवण किंवा कुंभारगावच्या बाजूला मुलांना बोटीतून नेणाऱ्या शिबिराने सकाळची वेळ, प्रत्येक मुलाला त्याच्या मापाचे लाइफ जॅकेट आणि बोटीची क्षमता या तीन गोष्टी लेखी द्याव्यात. नाही दिल्या तर काठावरूनच पक्षी पाहावेत.

गिर्यारोहण, रॅपलिंग, नौकानयन असे साहसी प्रकार असतील तर आणखी एक कागद मागावा. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये साहसी उपक्रमांसाठी सुरक्षा सूचना दिल्या आणि २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात आयोजकांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी सांगितली. नोंदणी क्रमांक विचारणे हा पालकाचा हक्क आहे.

चौथी अट : वेळेचा मेळ. घरातली पाळी आणि शिबिराची वेळ जुळली नाही तर मूल रोज अर्धा-एक तास कोणाच्या तरी दारात उभे राहते. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर तिन्ही पाळ्यांचे वेळापत्रक कागदावर मांडावे आणि प्रत्येक आठवड्यात सोडायला कोण, आणायला कोण, ते लिहावे. एक जरी रकाना रिकामा राहिला तरी ते शिबिर चालणार नाही, किंवा शेजारच्या कुटुंबाशी आधीच करार करावा लागेल.

६. गुणांची तुलना

चार अटींतून पार झालेल्या शिबिरांचीच गुणांवर तुलना करावी. पहिला गुण म्हणजे दिवसाची रचना. आयोजकाला एका दिवसाचे वेळापत्रक मागावे. तीन तासांत सहा विषय कोंबले असतील तर मुलाच्या हाती काही लागत नाही. एक मुख्य काम, एक खेळ, खाण्याची सुटी आणि थोडा मोकळा वेळ अशी रचना मुलाला पेलते. शेवटच्या दिवशी होणाऱ्या कार्यक्रमाची तयारी किती दिवस चालते, हेही विचारावे. पंधरापैकी आठ दिवस एकाच नाचाच्या तालमीत गेले तर ते शिबिर कार्यक्रमासाठी होते, मुलासाठी नव्हते.

दुसरा गुण म्हणजे विषयाचा खरेपणा. निसर्ग शिबिराचे उदाहरण घेऊ. भिगवणचे पाहुणे पक्षी हिवाळ्यात येतात आणि त्यांतले बहुतेक मेपर्यंत परतीला लागलेले असतात. मे महिन्यात ‘रोहित पक्ष्यांचे थवे’ दाखवण्याची हमी देणाऱ्या आयोजकाला पक्ष्यांची ओळख किती, याचा अंदाज त्यावरून येतो. त्याच आयोजकाने सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात किंवा इंदापूरच्या कडबनवाडीच्या माळावर पहाटे चिंकारा पाहायला नेतो असे सांगितले, तर त्याला परिसर माहीत आहे असे समजावे. मयूरेश्वर १९९७ मध्ये अभयारण्य जाहीर झाले आणि त्याचे क्षेत्र अवघे पाच चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्या लहान जागेत गवताळ माळरान, लांडगा, चिंकारा, माळटिटवी यांचे नाते मुलांना एका सकाळी दाखवता येते. रोबोटिक्सच्या शिबिराची परीक्षाही अशीच होते. मूल स्वतः तारा जोडते, चुकते आणि दुरुस्त करते का, की तयार संच जोडून व्हिडिओ काढला जातो? शिकवणाऱ्याला मागच्या वर्षी मुलांचे काय फसले ते विचारावे. ज्याने खरोखर शिकवले आहे त्याच्याकडे या प्रश्नाचे लांबलचक उत्तर असते.

तिसरा गुण म्हणजे सोबत. एमआयडीसीतली मुले शाळा, सोसायटी आणि शिकवणी या तिन्ही ठिकाणी बहुधा एकाच आर्थिक थरात वावरतात. ज्या शिबिरात गावातली, वाड्यावस्त्यांवरची आणि परराज्यातून आलेल्या कामगारांची मुलेही आहेत, तिथे मुलाला जास्त मिळते. मराठी न येणारे मूल आणि मराठी बोलणारे मूल खोखोच्या मैदानावर दोन दिवसांत मित्र होतात. हे शिक्षण कोणत्याही पत्रकावर छापलेले नसते.

चौथा गुण म्हणजे फी, आणि ती तासावर मोजावी. समजा एका शिबिराची फी तीन हजार रुपये आहे आणि ते पंधरा दिवस रोज तीन तास चालते. एकूण ४५ तास होतात आणि तासाला सुमारे ६७ रुपये पडतात. दुसऱ्याची फी दोन हजार आहे, पण ते दहा दिवस रोज दोन तासच चालते. म्हणजे २० तास आणि तासाला शंभर रुपये. पत्रकावर स्वस्त दिसणारे दुसरे शिबिर प्रत्यक्षात महाग आहे. त्यात रिक्षा किंवा व्हॅनचे भाडे, गणवेश, साहित्य, सहल आणि ‘समारोपाची वर्गणी’ मिळवल्याशिवाय हिशेब पूर्ण होत नाही.

पाचवा गुण मुलाची आवड. तिला शेवटी ठेवले याचा अर्थ ती कमी महत्त्वाची असा नाही. सुरुवातीलाच मुलाला विचारले तर ते मित्र जातो तिथे किंवा जाहिरात दिसते तिथे बोट दाखवते, आणि नंतर नाही म्हणणे त्याला दुखावते. अटींमधून पार झालेली दोन-तीन शिबिरे त्याच्यासमोर ठेवावीत आणि अंतिम निवड खरोखर त्याच्यावर सोडावी. त्याने बुद्धिबळाऐवजी मातीकाम निवडले तर तो निर्णय पाळावा.

७. नोंदणी : दोन्ही बाजूंचा करार

नोंदणीचा काळ ढोबळमानाने असा ठरवावा. गुढीपाडव्याच्या सुमारास यादी करावी, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जागा पाहून यावी, आणि महाराष्ट्र दिनाच्या आधी नाव पक्के करावे. शाळेमार्फत निवड होणाऱ्या शिबिरांची विचारणा मार्चमध्येच मुख्याध्यापकांकडे करावी. जागा शिबिराच्याच वेळेला पाहावी. सकाळी सातचे शिबिर असेल तर सातलाच जावे. शक्य तर तिथे आधी चालू असलेल्या एखाद्या वर्गात दहा मिनिटे मागे उभे राहावे.

पालकाने द्यायची माहिती नेमकी असावी. दमा, फिट येणे, विशिष्ट पदार्थाची ॲलर्जी, चालू औषधे, चष्मा, अंथरूण ओले होण्याची सवय, पाण्याची भीती हे सगळे लिहावे. नाव मागे पडेल या भीतीने आजार लपवू नये, कारण मुलाला त्रास झाला तर त्याच ओळीवर त्याचा बचाव अवलंबून असतो. संपर्क क्रमांकाबाबत एमआयडीसीतल्या पालकांनी विशेष काळजी घ्यावी. अनेक कंपन्यांत मोबाइल गेटवर जमा करावा लागतो. आईवडील दोघेही पाळीवर असतील तर फॉर्मवरचे दोन्ही क्रमांक आठ तास वाजतच राहतात. म्हणून तिसरा क्रमांक घरी असणाऱ्या शेजाऱ्याचा किंवा नातेवाइकाचा आणि चौथा कंपनीच्या सुरक्षा कक्षाचा द्यावा. मुलाला न्यायला येऊ शकणाऱ्यांची नावे आणि फोटो द्यावेत, आणि त्यांच्याशिवाय कोणाकडेही मूल सोपवू नये असे लिहावे.

आयोजकाने द्यायची माहितीही तेवढीच नेमकी हवी. संस्थेचे नोंदलेले नाव, पत्ता, जबाबदार व्यक्ती, तारखा, वेळा, कर्मचाऱ्यांची यादी, आजारपणात काय केले जाईल, आणि फी परतीचे नियम. फी संस्थेच्या खात्यात यूपीआयने किंवा चेकने द्यावी, आणि पावती घ्यावी. पावतीवर जीएसटी लावला असेल तर पंधरा अक्षरांकांचा जीएसटी क्रमांक असायलाच हवा. शिबिर रद्द झाले, मूल आजारी पडले किंवा आईची पाळी बदलली तर दुसऱ्या तुकडीत घेतात की पैसे परत मिळतात, हे आधी ठरवावे. ‘कोणत्याही कारणास्तव फी परत मिळणार नाही’ या ओळीवर सही करण्यापूर्वी तिच्याखाली ‘आयोजकाने शिबिर रद्द केल्यास पूर्ण परतावा’ असे हाताने लिहून घ्यावे. शिबिर ही पैसे देऊन घेतलेली सेवा आहे. तिच्यात कसूर झाली तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार करता येते. पावती आणि पत्रक जपून ठेवल्याशिवाय मात्र तक्रार उभी राहत नाही.

मुलाच्या फोटोंची परवानगी वेगळी घ्यावी आणि द्यावी. फॉर्मवर एक सही केली की मुलाचा चेहरा पुढच्या वर्षीच्या फलकावर येतो, असे घडू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकाची पडताळणीयोग्य संमती हे तत्त्व स्वीकारले आहे. वयाच्या पुराव्याला शाळेचे ओळखपत्र पुरते. आधारची प्रत देण्याची गरज नाही, आणि द्यावीच लागली तर पहिले आठ अंक झाकलेली द्यावी.

८. शिबिर सुरू झाल्यानंतर

पहिले तीन दिवस निर्णायक असतात. ‘मजा आली का?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘आज पाणी कुठे प्यायलास?’, ‘डबा कोणासोबत खाल्लास?’, ‘ताई कुणाला रागावल्या?’ असे विचारावे. या उत्तरांतून देखरेख, सोबत आणि वागणूक तिन्ही समजतात. मूल अचानक जायला नकार देऊ लागले, एखाद्या माणसाचे नाव टाळू लागले, किंवा कपडे बदलताना बिचकू लागले, तर फीचा विचार न करता थांबवावे आणि शांतपणे बोलून घ्यावे. साधा कंटाळा मात्र वेगळा असतो. दोन-चार दिवसांचा कंटाळा सहन करायला शिकणे हा वाढीचा भाग आहे. या दोहोंतला फरक पालकालाच कळतो, पण त्यासाठी रोज दहा मिनिटे मुलाजवळ बसावे लागते.

९. ज्यांना निवडच नाही

आतापर्यंतचे विवेचन फी भरू शकणाऱ्या पालकाला धरून झाले. एमआयडीसीत कंत्राटी कामगारांची, साफसफाई करणाऱ्या महिलांची, बांधकाम मजुरांची मुलेही राहतात. मे महिन्यात ती दिवसभर खोलीत किंवा रस्त्यावर असतात, आणि त्यांतली काही धाकट्या भावंडांना सांभाळत असतात. त्यांच्यापुढे चांगले शिबिर आणि वाईट शिबिर असा पर्याय नसतो.

यावर उपाय परिसरातच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या खोल्या आणि मैदाने मेमध्ये रिकामी असतात. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठराविक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि शिक्षण व ग्रामीण खेळ ही त्या यादीतली मान्य कामे आहेत. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी केलेला खर्च त्यात धरला जात नाही. म्हणून शिबिर सर्वांसाठी खुले ठेवावे लागते, आणि इथे नेमके तेच हवे आहे. बारामतीत शिक्षणशास्त्राचे, शारीरिक शिक्षणाचे, कृषीचे विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत. ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेने जागा, कंपन्यांनी निधी आणि महाविद्यालयांनी प्रशिक्षित तरुण दिले, तर सकाळी सात ते दुपारी चार असे सांभाळ आणि खेळ दोन्ही देणारे शिबिर उभे राहू शकते. पहिल्या पाळीला जाणाऱ्या आईला त्याची गरज आहे.

१०. निष्कर्ष

निवडीचा योग्य क्रम असा ठरतो. आधी घराची गरज ओळखावी : सांभाळ, शिकवण की सहवास. मग माणसे, जागा व हवामान, पाणी व प्रवास आणि वेळेचा मेळ या चार अटी लावाव्यात. एक जरी मोडली तरी ते शिबिर सोडावे. मग उरलेल्यांची रचना, खरेपणा, सोबत आणि फी यांवर तुलना करावी. शेवटची निवड मुलाने करावी. नोंदणी लेखी, दोन्ही बाजूंना बांधणारी असावी.

एका पालकाने हे प्रश्न विचारले तर आयोजकाला तो कटकट्या वाटतो. एकाच सोसायटीतल्या किंवा एकाच पाळीवरच्या पंचवीस पालकांनी तेच प्रश्न एका पानावर छापून प्रत्येक आयोजकापुढे ठेवले, तर पुढच्या वर्षीच्या पत्रकांवर कर्मचाऱ्यांची नावे, मुलांमागे प्रौढांचे प्रमाण आणि फी परतीचा नियम आपोआप येऊ लागतील. प्रामाणिक आयोजकांना त्याचा फायदाच होईल, कारण आज त्यांची मेहनत आणि दुसऱ्याची भडक जाहिरात एकाच तराजूत तोलली जाते. शिबिरांसाठी कायदा येईल तेव्हा येईल. तोवर बारामती एमआयडीसीतल्या पालकांनी एकत्र येऊन ही प्रश्नावली पुढच्या गुढीपाडव्याआधी तयार करावी, आणि ज्या मुलांच्या आईवडिलांना प्रश्न विचारायला वेळच मिळत नाही, त्यांच्या वतीनेही ती विचारावी.